काकांनी घातलेले अकरा टाके

मी एक जुना हार्नेस आहे. खरं सांगायचं तर हार्नेसचा वीतभर तुकडा आहे. बाकीचा मी कुठे गेलो, ते पुढे येईलच.

मित्रांनो, उंचावर काम करणारी माणसं पडलीच तर जमिनीपर्यंत पोचू नयेत, म्हणून त्यांच्या अंगावर पट्ट्यांचं एक जाळं चढवतात. दोन पट्टे खांद्यांवरून, एक छातीवरून, दोन मांड्यांभोवती आणि पाठीवर मधोमध एक लोखंडी कडी. त्या कडीला दोरी, दोरीला हुक, आणि हुक एखाद्या भक्कम जागी अडकवलेला. असं आमचं घराणं. लटकणं हा आमचा स्वभाव. आधी खुंटीला लटकायचं, मग माणसाच्या अंगाला, आणि वेळ आली तर माणसालाच लटकवून धरायचं. लटकणाऱ्याला डुलकी फार लागते. त्यामुळे माझ्या गोष्टीत काय घडलं आणि काय मला स्वप्नात दिसलं, याची थोडी सरमिसळ झाली असेल. सांभाळून घ्या.

माझं पहिलं स्वप्न नारिंगी रंगाचं आहे. एका लांबलचक शेडमध्ये बैलगाडीच्या चाकाएवढ्या रिळावर मी गुंडाळलेला होतो. तेव्हा मी एकटा नव्हतोच. आम्ही सगळे मिळून एकच न संपणारी पट्टी होतो. चाळीस मशिनींचा आवाज, पत्र्यावर कुणी सतत वाटाणे ओततंय असा. त्या आवाजात मला एका शिलाईवालीने कापलं, दुमडलं आणि शिवलं. तिची एक सवय होती. प्रत्येक शिवण झाली की ती तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायची. टक टक टक असे टाके नखाखाली मोजले जायचे. मला गुदगुल्या व्हायच्या.

पाठीच्या कडीजवळ तिने माझी एक घडी घातली, घडीच्या पोटात एक लाल चिंधी दडवली आणि मुद्दाम कच्च्या दोऱ्याने ती घडी बंद केली. शेजारी नव्याने लागलेली मुलगी बसली होती. तिला वाटलं, बाईंचा दोरा चुकला. शिलाईवाली हसली आणि म्हणाली, "चुकला नाही गं. माणूस पडला की हा दोरा तुटतो, घडी उलगडते आणि लाल दिसायला लागतं. म्हणजे पट्टा सांगतो, माझं काम झालं, आता मला घालू नका. तो आयुष्यात एकदाच बोलतो."

मी ते ऐकलं. पण जन्मल्याजन्मल्या कुणी शेवटाबद्दल बोललं, तर ते कितीसं मनावर घेतलं जातं? मी खोक्यात शिरलो आणि झोपलो.

जागा झालो तो एका गोदामाच्या खिडकीशी. धान्य साठवायच्या सहा उंच गोल टाक्या होत्या, आणि त्यांना गंज लागू नये म्हणून वर्षभर कुठली ना कुठली टाकी रंगवायचं काम चालू असायचं. सहावी होईपर्यंत पहिलीचा रंग उडालेला. रंगाऱ्यांचं सामान सांभाळायला एक गृहस्थ होते, त्यांना सगळे स्टोअरकाका म्हणत. काकांसारखा जपणारा माणूस मी पाहिला नाही. ब्रश धुऊन, केस विंचरल्यासारखे सरळ करून ठेवायचे. डब्यांची तोंडं पुसायचे. माझ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका तर त्यांनी इतकी जपली की तिचं प्लॅस्टिकचं पाकीटसुद्धा कधी फोडलं नाही.

मला पहिल्यांदा ज्याने अंगावर चढवलं, त्याला सोबतचे रंगारी 'कलाकार' म्हणायचे. त्याचं कारण ऐका. टाकीला लावायचा रंग एकच, राखाडी. पण हा गडी चार हात मारले की रोलर खाली धरायचा, मान तिरकी करायचा, एक पाऊल मागे सरकायचा आणि डोळे बारीक करून बघायचा. जणू काही समोर एखाद्या राणीची तसबीर आहे. मुकादम खालून विचारायचा, "काय रे, नाक जमलं का?" सगळी परांची हसायची. परांची म्हणजे टाकीभोवती पाइप आणि फळ्यांचं जे उभं मचाण बांधतात ते. कलाकारही हसायचा आणि पुन्हा एक पाऊल मागे जाऊन बघायचा.

त्याच्या पाठीवर बसून मी जे पाहिलं, ते अजून स्वप्नात येतं. पक्षी खाली आणि आपण वर. दुपारी टाकीच्या पत्र्यातून ऊब यायची, आतलं धान्य श्वास घेतंय असं वाटायचं. वाऱ्याने माझी सैल टोकं फडफडायची. हो, सैल टोकं. कारण कलाकार माझा डाव्या मांडीचा पट्टा कधी लावतच नसे. खाली वाकलं की काचतो, म्हणायचा. मुकादम बघायला आला की लावायचा, तो वळला की सोडायचा. मीही काही बोललो नाही. खरं तर मलाही ते मोकळं टोक वाऱ्यावर उडवायला आवडायचं.

त्या दिवशी चौथ्या टाकीवर त्याने रंगाचा एक लांब पट्टा मारला, अगदी सरळ, कुठेही ओघळ नाही. त्याला तो फार आवडला असावा. त्याने मान तिरकी केली आणि तो एक पाऊल मागे सरकला. मग त्याचं मन भरलं नाही म्हणून आणखी एक.

पडणं फार हळू असतं, मित्रांनो. निदान मला तसं आठवतं. राखाडी रंगाचा एक थेंब आमच्याबरोबरीने खाली येत होता आणि मला त्यात आभाळ दिसत होतं. मग दोरी ताणली गेली. कडी वर खेचली गेली. त्या शिलाईवालीचे टाके टर्र करून सुटत गेले आणि घडी उलगडली. माझ्या अंगातला प्रत्येक धागा ताणून लांब झाला, आणि आत काहीतरी कायमचं निजलं. पण मी सोडलं नाही. डावा पट्टा मोकळा होता, म्हणून मी त्याच्या अंगावर तिरका वर सरकलो आणि त्याचा डावा खांदा बिचाऱ्याचा पिळून निघाला. वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा तो बारा मिनिटं माझ्यात लटकून होता. मग त्याला परांचीवर ओढून घेतलं.

कलाकार वाचला. पण त्याचा तो हात खांद्याच्या वर जात नाही. तो डावखुरा होता, आणि रोलर मारायला हात वर जावा लागतो. त्याचं रंगकाम तिथेच थांबलं.

मला स्टोअरकाकांनी दोन्ही हातांवर घेऊन, झोपलेलं मूल आणावं तसं गोदामात आणलं. साबणाच्या पाण्यात हळुवार धुतलं. उन्हात नाही, सावलीत वाळवलं. मग त्यांना माझी ती उलगडलेली घडी दिसली. त्यांना वाटलं, एवढ्या हिसक्याने बिचारा उसवला. त्यांनी चार दुकानं फिरून माझ्याच रंगाचा नारिंगी दोरा शोधला, लाल चिंधी नीट आत सारली आणि ताडपत्री शिवायच्या जाड सुईने घडी पुन्हा बंद करायला घेतली. अकरा टाके. शिवताना माझ्याशी बोलत होते.

"झालं रे, झालं. आता नाही दुखणार."

मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं. पण आमचं ओरडणं म्हणजे तीच घडी, आणि काका तिचंच तोंड शिवत होते. इतक्या मायेने शिवत होते की ओरडता आलं असतं तरी मी ओरडलो असतो की नाही, कोण जाणे.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. काकांनी मला वेगळी खुंटी दिली, खिडकीजवळची. रंगारी कामाला जाताना मला हात लावून जायचे. माणूस वाचवलेला पट्टा म्हणायचे, गुणाचा पट्टा म्हणायचे. मुकादमसुद्धा कुणी बघत नाहीसं पाहून मला बोट लावायचा. कौतुक कुणाला नको असतं? खिडकीतून वारा यायचा, मी डुलायचो, आणि मला वाटायला लागलं की मी अजून तोच आहे, नारिंगी, तरणाताठा, सगळ्या टाक्यांना एका वेळी उचलून धरीन असा. शिलाईवालीचं बोलणं मी विसरलो नव्हतो. पण झोपेत जशी दारावरची टकटक ऐकू येते आणि आपण कूस बदलतो, तसं चाललं होतं माझं.

एका सकाळी खिडकीशी कलाकाराची बायको उभी राहिली. तिला सगळे वहिनी म्हणत. ती आधी घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. नवरा घरी बसल्यावर ती टाक्यांच्या कामावर आली. दोन महिने खाली रंग कालवत होती, आणि आता तिला परांचीवर जागा मिळाली होती. उद्या सकाळी पाचव्या टाकीवर, बारा मजल्यांच्या उंचीवर तिचा पहिला दिवस. आज हार्नेस घालायचं शिक्षण, त्यात पास झाली तरच.

काकांना तिने घरचं सगळं सांगितलं. नवरा नाही म्हणत होता. चार दिवस जेवताना मान वर केली नाही. शेवटी एका अटीवर तयार झाला. जायचंच असेल तर त्याच पट्ट्यात जा, म्हणाला. त्याने मला धरलं, तो तुलाही धरेल. दुसरा कुठला घातलास तर मला इथे खाली घास जाणार नाही. तिने शब्द दिला होता.

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, नसलेली धूळ झटकली आणि म्हणाले, "हा आजवर कुणाला दिला नाही. तुमच्यासाठीच ठेवला होता म्हणा."

तिचा हात लागला आणि माझी झोप खाडकन उडाली. ज्याला मी धरलं, त्याचीच बायको माझ्यात वर जाणार होती. आणि मी आता धरू शकणार नव्हतो. ही गोष्ट त्या साऱ्या आवारात फक्त मला माहीत होती, आणि माझं तोंड अकरा टाक्यांनी बंद होतं.

शिकवायला येणारे गृहस्थ बुटके, गोलमटोल होते. स्वतः पंचवीस वर्षं परांच्या बांधलेले. फळ्यावर काही लिहायचं नसलं तरी खडूची डबी घेऊन यायचे, आणि पन्नाशीच्या मुकादमालासुद्धा 'बाळा' म्हणायचे, म्हणून त्यांचं नाव गुरुजी पडलं होतं. नवी माणसं आली की दर तीन-चार महिन्यांनी ते येत. कलाकार पडला तेव्हा ते नव्हते, आणि नंतर आले तेव्हा खुंटीवरच्या माझ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं.

खोलीत एक पंखा, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सात नवे गडी आणि वहिनी. पहिला अर्धा तास नुसती मजा. एकाने खांद्याच्या पट्ट्यात पाय घातला आणि जाळ्यात सापडल्यासारखा एका पायावर गोल गोल नाचला. गुरुजींनी त्याला शांतपणे विचारलं, बाळा, झोपाळा बांधतोयस का. दुसरा म्हणाला, मांडीचे पट्टे फार काचतात हो. गुरुजी म्हणाले, जमीन याहून जास्त काचते. वहिनी हसली नाही. तिने डोळे खाली घातले. हे वाक्य घरी पोचायला उशीर झाला होता.

मग गुरुजींनी घालायचं कसं ते दाखवलं. पाठीची कडी धरून उचला. झटका, म्हणजे पट्टे आपापल्या जागी लोंबतील. कोटासारखा खांद्यावर घ्या. मांडीपट्टे दोन्ही, एक नाही. छातीपट्टा. कडी दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधे. आणि मांडीपट्ट्यात चपटा हात जायला हवा, मूठ अडायला हवी. हे शेवटचं त्यांनी प्रत्येकाला स्वतःच्या मांडीवर करून बघायला लावलं.

"पण घालायच्या आधी," ते म्हणाले, "डोळे मिटा. पूर्ण पट्ट्यावरून बोटं फिरवा. मी तपासलाय म्हणून घालू नका, काकांनी दिलाय म्हणून घालू नका. रोजच्या बघण्यातली वस्तू डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसते."

आठ माणसांनी डोळे मिटले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. वहिनीची बोटं माझ्या मांडीपट्ट्यांवरून निघाली, बकलांवरून गेली, छातीवरून खांद्यावर चढली. आणि प्रत्येक शिवणीवर आली की तिचं अंगठ्याचं नख आपोआप फिरायला लागलं. टक टक टक. मला क्षणभर वाटलं, मी परत त्या लांब शेडमध्ये आहे, पत्र्यावर वाटाणे ओतले जातायत, मी अजून शिवून झालेलो नाही आणि पुढचं काहीच घडलेलं नाही.

नख पाठीच्या कडीजवळ आलं आणि थांबलं.

ती परत मागे गेली. पुन्हा मोजलं. तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे नाही, दाराकडे पाहिलं. दारात काका पाण्याच्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभे होते आणि तिच्याकडे बघून कौतुकाने हसत होते.

गुरुजी एकेकाला विचारत होते, काही सापडलं का. नाही. नाही. नाही. तिची पाळी यायच्या आत तिच्या मनात काय काय चाललं असेल, ते तिच्या हातांतून मला कळत होतं. नख त्याच शिवणीवर पुन्हा पुन्हा फिरत होतं. बोलली तर नवऱ्याला दिलेला शब्द जातो, काकांची मान खाली जाते. आणि गप्प राहिली तर? नुसती एक शिवण तर आहे. पट्टा दिसायला किती चांगला आहे. मित्रांनो, त्या एवढ्याशा वेळात मी पाचव्या टाकीवरून किती वेळा खाली आलो असेन, ते विचारू नका.

"गुरुजी, एक विचारते. कारखान्यात हाताने शिवतात का हो?"

"नाही, बाळा. सगळं मशीनवर."

"मग इथे हाताची शिवण आहे. उलटी टीप आहे. अकरा टाके."

दारातून काका म्हणाले, "ते मी घातलेत. उसवला होता ना."

"कधी उसवला?" गुरुजींनी विचारलं.

"कलाकार पडला तेव्हा."

गुरुजी खुर्चीत बसले. खडूची डबी त्यांनी टेबलावर अगदी हळू ठेवली, जणू तिचाही भरवसा राहिला नव्हता. मग त्यांनी कात्री मागितली. वहिनीच्या कमरेच्या बटव्यात दोरे कापायची बोटभर कात्री होतीच. शिवणकाम सुटलं तरी सवय सुटली नव्हती. तिनेच एकेक टाका कापला. अकरावा कापला आणि माझी घडी उलगडली. लाल चिंधी जिभेसारखी बाहेर आली.

मी बोललो. एकदाच बोलायचं होतं, ते दोनदा बोललो.

ही लाल चिंधी काय सांगते, ते गुरुजींनी चार वाक्यांत सांगितलं. रागावले नाहीत. एकदा पडणं झेललेला पट्टा बाहेरून साजरा दिसतो, पण आतून संपलेला असतो, एवढंच. काका वहिनीकडे बघत राहिले. "म्हणजे मी हिला," ते म्हणाले, "मी स्वतःच्या हाताने हिला…"

वहिनीने त्यांच्या हातातून ट्रे काढून घेतला. म्हणाली, "काका, टाके फार सुरेख घातलेत. वाकडे असते तर कारखान्याचेच समजले असते मी."

कुणीतरी हसलं, मग सगळेच थोडे हसले, आणि काका खुर्चीत बसून रडले.

बाहेर जाऊन तिने नवऱ्याला फोन लावला. मी तिच्या खांद्यावरच होतो. शब्द पाळता येत नाही, म्हणाली, आणि का, तेही सांगितलं. मग मला माझ्या माणसाचा आवाज ऐकू आला.

"त्याचं काम झालंय म्हणावं. झोपू दे त्याला. तू दुसरा घाल. आणि दोन्ही मांड्यांचे लाव."

मला कापलं काकांनीच. वहिनीने पट्टा ताणून धरला आणि काकांनी मोठ्या कात्रीने वीत वीतभर तुकडे केले, कुणाला पुन्हा मोह होऊ नये असे. आधी डाव्या मांडीचा पट्टा. दुखलं का? नाही. रिळावरून सुटताना जसं वाटलं होतं, तसंच वाटलं; फक्त उलट्या दिशेने. मग काकांनी कपाटातून ती माहितीपुस्तिका काढली, पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि तिथेच उभ्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. संध्याकाळपर्यंत गोदामातला प्रत्येक पट्टा टेबलावर आला होता.

दुसऱ्या दिवशी वहिनी हिरव्या, कोऱ्या पट्ट्यात वर गेली. तोवर घडीजवळचा माझा तुकडा शिकवायच्या खोलीत फळ्याशेजारी खिळ्याने ठोकून झाला होता, आणि तिथून खिडकीतून पाचवी टाकी दिसते. मला एक हिरवा ठिपका दिसत होता. तो डावीकडून उजवीकडे जायचा, थांबायचा, परत यायचा. मागे कधी सरकला नाही. फाटकाशी एक माणूस मान वर करून उभा होता, उजवा हात कपाळावर धरून. दुपारी सगळे जेवायला उतरले, तेव्हा तो ठिपकाही उतरला, आणि त्या दोघांनी फाटकाजवळच्या दगडावर बसून एकाच डब्यात जेवण केलं. घास गेला म्हणायचा.

आता माझं काम एका जागी राहून. दर तीन-चार महिन्यांनी नवी माणसं येतात. गुरुजी त्यांना खुर्च्यांवर बसवतात, पण सुरुवात ते करत नाहीत. सुरुवात करतात स्टोअरकाका. माझ्याजवळ उभे राहतात, माझ्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे टाके मी घातले होते." पहिल्या वेळी त्यांना हे वाक्य तीनदा सुरू करावं लागलं. आता एका दमात म्हणतात. पण आवाज अजून तसाच.

मित्रांनो, आपली गोष्ट सांगणाऱ्या माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मला उलटं सांगायचंय. मला मायेने धुतलं, मायेने शिवलं, मायेने हात लावले, आणि त्या मायेतून एक बाई बारा मजले वर जाणार होती. तुम्ही मोठे व्हाल, कुणी टाकीवर चढाल, कुणी पुलावर, कुणी खिडक्यांच्या काचा पुसाल. पट्टा कितीही ओळखीचा असो, घालण्याआधी त्याला विचारा. तो काही सांगत असेल तर त्याचं तोंड शिवू नका. आणि त्याचं काम झालं असेल तर त्याला निरोप द्या, त्याला राग येत नाही.

मी इथे भिंतीवर असतो. झोपलेला वाटलो तरी या. अकरा टाक्यांची बारा भोकं आहेत माझ्यावर. डोळे मिटा आणि मोजा.